परत त्याच पाण्यात

“मग साहेब, आम्ही रोज डास पितो का?”

जमनीने उभं राहून विचारलं. प्रश्न तिचा नव्हताच. तो धनुचा होता. सखूने त्याला तिखटमीठ लावलं होतं आणि दोघींनी मिळून तो जमनीच्या गळ्यात घातला होता. “विचारलास तर माझ्या वाट्याच्या चिंचा तुझ्या,” धनु म्हणाली होती, “नाही विचारलास तर दिवाळीपर्यंत तुला भित्रट म्हणणार.” मागच्या वर्षीची जमनी असती तर भित्रट म्हणवून घेऊन गप्प बसली असती. पण या वर्षी सातवीत गेल्यावर एकदा गुरुजींचा फळ्यावरचा हिशेब चुकला, तिने उभं राहून तो सांगितला आणि शाळेचं छत काही कोसळलं नाही. तेव्हापासून तिला उभं राहायची चटकच लागली होती.

“काय म्हणालीस?” साहेबांनी कानामागे हात धरला. “मोठ्याने बोल. तापावरच्या कोयनेलनं माझे कान वाजतात.”

म्हणजे तोच प्रश्न पुन्हा, आणि ओरडून. धनुने पाटीआड तोंड लपवलं. जमनीचे कान तापले, पण आता माघार कशी घ्यायची? ती पुन्हा म्हणाली, “साहेब, डास पाण्यात जन्मतात असं तुम्ही सांगितलंत. तेच पाणी आम्ही पितो. मग आम्ही डास पितो का?”

मुलं हसली. हसली म्हणजे जेवढी होती तेवढी. अर्धी बाकं रिकामी होती. पाऊस ओसरला की दरवर्षीच शाळा अशी विरळ व्हायची, पण गेल्या दोन वर्षांत तर गुरुजी हजेरी घेताना नाव उच्चारून उत्तराची वाटही बघत नसत. “ताप,” असं स्वतःच म्हणून पुढे जात.

आरोग्य खात्याचे साहेब धुळ्याहून आले होते. भिंतीवर त्यांनी कावळ्याएवढ्या डासाचं चित्र टांगलं होतं. आधी अंडं, मग पाण्यावर आडवी तरंगणारी अळी, मग पंखवाला डास. साहेबांचे स्वतःचे डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि कोट खांद्यावरून असा ओघळत होता, जणू मोठ्या भावाचा घालून आलेत. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

“पाणी गाळून पिता ना?”

“हो. दुहेरी फडक्यानं.”

“मग पीत नाही. पण गाळण्यात काय उरतं, ते आज घरी जाऊन नीट बघ.”

एवढं बोलून ते खुर्चीवर बसले. मग डबकी बुजवा, कोयनेल घ्या, झोपताना अंगभर पांघरा, असं पुष्कळ सांगितलं. पण तापीच्या काठाकाठाने गावोगाव हेच सांगत आलेला आणि एकाही गावाने न ऐकलेला माणूस जसा बोलेल, तसे ते बोलत होते.

धनुने चिंचा दिल्या. जमनीने त्या ओच्यात बांधल्या आणि घरापर्यंत एकही खाल्ली नाही.

घरात माय खाटेवर होती. एकावर एक गोधड्या, वर आप्पांचं घोंगडं, आणि त्या सगळ्याच्या खाली खाट कडकड वाजत होती. एक दिवसाआड माय अशी थडथडायची, मग भाजून निघायची, मग घामाने निथळून चिंधीसारखी पडून राहायची. मधल्या दिवशी उठून चुलीपाशी बसायची, की पुन्हा तापाची पाळी यायची. कोयनेल दिलं तर उलटून पडे. वैद्यबोवांनी पोट चाचपून सांगितलं होतं, तापाने पाणथरी सुजून बेंबीपर्यंत आलीय, असा अजून एक हिवाळा हिला झेपायचा नाही. हे त्यांनी आप्पांना ओसरीवर हळू आवाजात सांगितलं होतं. जमनी दाराआड भाजी निवडत होती. त्या दिवसापासून तिच्या भाजीत खडे राहू लागले.

आप्पा, म्हणजे तिचे वडील हिंमतराव, ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. मिरची पिकून लाल झाली होती आणि तोडायला माणूस मिळत नव्हतं. ज्या घरी जावं तिथे कोणीतरी पांघरुणाखाली.

“आलीस?” ते म्हणाले. “पाणी भर. आणि जमने, दिवाळीनंतर शाळा पुरे आता. घर कोण बघणार?”

हे ते रागाने म्हणाले असते तर जमनी भांडली असती. पण ते दमलेल्या आवाजात म्हणाले, आणि दमलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

ती विहिरीवर गेली. विहीर त्यांच्या दारासमोरच होती, आजोबांनी बांधलेली. सगळी गुजर गल्ली तिचंच पाणी प्यायची. रहाटाने पोहरा वर घेऊन तिने कळशीवर फडकं बांधलं आणि पाणी ओतलं. मग फडक्यात वाकून बघितलं.

तशी ती रोजच बघायची. रोज दिसणारी वस्तू कोणी बघतं का? आज मात्र साहेबांचं भिंतीवरचं चित्र तिच्या डोळ्यांत होतं. ओल्या फडक्यावर बारीक बारीक स्वल्पविराम वळवळत होते. व्याकरणाच्या पुस्तकातून सांडल्यासारखे. एका टोकाला डोकं, एका टोकाला शेपूट. अगदी तेच चित्र, फक्त कावळ्याएवढं नव्हे.

“माय!” ती फडकं तसंच धरून आत धावली. “माय, हे बघ, हे डास आहेत! यांच्यामुळेच तुला ताप येतो!”

मायने गोधडीतून डोळे तेवढे बाहेर काढले. “जीव शेत त्या,” दात वाजत असतानाही ती म्हणाली. “परत सोड. त्याच पाणीमा.”

हा तिचा नेम होता. सुरतेकडच्या माहेराहून ती भांडीकुंडी घेऊन आली, तसाच हाही घेऊन आली. पाणी गाळून प्यायचं. गाळण्यात अडकलेले जीव फेकायचे नाहीत, चिरडायचे नाहीत, दुसऱ्या पाण्यातही टाकायचे नाहीत. फडकं पोहऱ्यावर उलटं धरायचं, वरून पाणी ओतायचं आणि तो पोहरा अगदी हळू, आपटू न देता विहिरीत उतरवायचा. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात. परक्या पाण्यात ते परदेशी होतात, असं ती सांगायची. लहानपणी जमनीला ही गोष्ट फार आवडायची. आपली माय एवढ्याशा किड्यालाही घरी पोचवते, याचा तिला गर्व होता. गल्लीतल्या बायाही मायचं बघून तसंच करू लागल्या होत्या.

“अगं, पण हे मोठे होऊन उडणार, आणि तुलाच चावणार!”

“तू ते पुस्तकनी मराठी बोली ऱ्हायनी,” माय म्हणाली. तापातही तिला हसू आलं, आणि हसण्याने खोकला. मग तिने उठायचा प्रयत्न केला. जमनीने एका हाताने तिचा खांदा धरून तिला परत टेकवलं. “मन्हा हाते नही, आन तुन्हा हाते बी नही. जाय. सोडी ये.”

जमनी गेली. फडकं उलटं केलं, पाणी ओतलं, पोहरा उतरवला. आतून क्षीण आवाज आला, “व्हयनं का सोडीसन?” मायचा कान रहाटाच्या कुरकुरीवर होता. जमनी “हो” म्हणाली. खाली स्वल्पविराम आपल्या घरी पोचले होते. तिला रडावंसं वाटलं, आणि हसावंसंही. सगळ्या पश्चिम खानदेशात कोयनेल वाटत फिरतात, आणि आम्ही इथे डासांचं माहेरपण करतोय!

दुसरा दिवस सुटीचा होता, आणि मायचा मधला, पण ती उठली नाही. पाळीचा ताप आता मधल्या दिवशीही रेंगाळू लागला होता. सकाळी जमनीने पाणी गाळलं आणि गाळलेले जीव पोहऱ्यात न सोडता एका लोट्यात घेतले. लोटा धुण्याच्या गाठोड्यात लपवला आणि गाठोडं डोक्यावर घेऊन ती तापीवर निघाली. काय करायचं ते तिने ठरवलं होतं. वाळू तापलेली असेल. तिथे ओतायचं. मायला कळणारही नाही. मनातल्या मनात ती त्या किड्यांना शिव्या देत होती, आणि शिव्या तिला येत होत्या तेवढ्या लवकरच संपल्या.

नदीचं पाणी ओसरून कडेकडेने निवळलं होतं. वाळू खरंच चटके देत होती. जमनीने लोटा तिरपा केला. पाणी काठापर्यंत आलं, आणि हात थांबला. पुढे जाईना. एवढी उभं राहून बोलणारी मुलगी, आणि तिला चार किडे मारवेनात! मायच्या नेमाने तिच्या मनगटातच घर केलं होतं. तिने स्वतःवर चरफडत लोटा वाळूवरून उचलला आणि निदान पाण्यात तरी पडू देत, म्हणून नदीच्या कडेला ओतला.

पाणी उकळल्यासारखं झालं.

कुठून आल्या कोण जाणे, बोटाच्या पेराएवढ्या मासोळ्या. पाण्याच्या अगदी वरच्या अंगाला पोहत आल्या, टपटप तोंडं वाजवली, आणि एका दमात लोट्यातलं सगळं साफ. जमनी आधी दचकली. अरे देवा, परक्या पाण्यात टाकलं, वर खायलाही घातलं! मायला काय सांगायचं? मग ती खाली बसून बघू लागली. मासोळ्या अजून काही मिळेल म्हणून तिथेच तरंगत होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर चमकणारा पांढरा ठिपका.

“टिकल्या!” ती मोठ्याने म्हणाली.

टिकल्या हे नाव तिनेच ठेवलेलं, लहान असताना. तेव्हा त्या विहिरीत होत्या. कठड्यावर पोटावर पालथं पडून भाकरीचा चुरा टाकला, की खाली अंधारात पांढरे ठिपके गोळा व्हायचे, दिवसा चांदण्या दिसाव्यात तसे. रहाटावर एक निळा खंड्याही बसायचा आणि सूर मारून एखादी घेऊन जायचा. माय त्याला पापी म्हणायची आणि तरी उन्हाळ्यात त्याच्यासाठी पाण्याची परळ ठेवायची. तो खंड्या कधीपासून दिसला नव्हता? गल्लीत कोणी विचारलंही नव्हतं, की कुठे गेला.

“ताई, कोनसंगे बोली ऱ्हायनी?”

मागे झिपरू होता, त्यांचा सालदार. बैलांना पाणी पाजायला आला होता. भर उन्हात त्याने घोंगडं पांघरलं होतं, म्हणजे आज त्याचीही पाळी. पूर्वी बैल घरामागच्या हौदावर पाणी प्यायचे. पण हौद भरायला विहिरीचं पाणी ओढायचं बळ झिपरूच्या हातांत उरलं नव्हतं, म्हणून आता बैलच नदीवर येत.

“झिपरूदादा, या मासोळ्या आपल्या विहिरीतल्या ना?”

झिपरूचं तोंड कष्टाने उजळलं. “हाऊ ना! कमळीताईना लगीनमा. मन्हा डोकावर घागर व्हती, ताई. एक मासा असा उडना, आन सरका मन्हा सदरामा गया! मी आठे नाची ऱ्हायनू, आन आप्पा म्हनतस, मारू नको, मारू नको!” तो हसला, धाप लागली, तो वाळूवर बसला. “आप्पाले म्हनं, दोन-चार माले भुंजाले द्या. असा वरडनात मन्हावर!”

जमनीला सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वीचा वैशाख. थोरल्या बहिणीचं, कमळीचं लग्न. वऱ्हाड सुरतेकडचं, फार सोवळं. मासळी असलेल्या विहिरीचं पाणी ते तोंडात घेणार नाहीत, असा निरोप आला होता. मग आप्पांनी मोट लावून विहीर उपसली, गाळ काढला. मासे, बेडूक, एक म्हातारं कासव, सगळं घागरींत भरून, हळदकुंकू वाहून, वाजतगाजत तापीत सोडलं. एकही जीव मरू दिला नाही. गावाने आप्पांचं केवढं नाव काढलं! अजूनही पारावर विषय निघाला, की आप्पा पाठ ताठ करून बसत. गेल्या दोन वर्षांत त्यांची पाठ ताठ होण्यासारखं दुसरं काही घडलंही नव्हतं.

“झिपरूदादा, त्याच्या आधी एवढा ताप होता का रे?”

“व्हता ना, पन असा नही. दोन-चार दिन येये आन जाये.” त्याने घोंगडं घट्ट ओढलं. “ताप ते रेल्वेमा बसीसन उना, ताई. मन्हा बाप सांगे. तो डब्बामा बसस आन नंदुरबारले उतरस.”

“तिकीट काढतो का?”

“त्याले कोन ईचारी?”

दोघंही हसली. झिपरू मग डोळे मिटून थडथडत बसला. बैल पाणी पिऊन कधीचे बाहेर आले होते आणि त्याच्याकडे बघत उभे होते. जमनी त्या टिकल्यांकडे बघत राहिली. सोवळं राखलं, मासे वाचवले, किडे वाचवले. आमच्या घराने कोणाचं काही वाईट केलं म्हणावं, तर तेही नाही. आणि तरी माय तिकडे वाळत चाललीय. हे सगळं तिच्या डोक्यात एकदम शिरलं आणि तिला पहिल्यांदाच खूप म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

मग तिने धुवायला आणलेलं गाळायचं फडकं पाण्यात अंथरलं, वर ओच्यातला भाकरीचा तुकडा कुस्करला, आणि टिकल्या आल्या तसं चारी कोपरे धरून उचललं. लोट्यात त्या गर्रकन फिरू लागल्या. गुजराची पोर मासे धरते! वाटेत कोणी भेटू नये म्हणून ती बांधाबांधाने घरी आली. धुणं तसंच परत आलं, कोरडं. तेही तिला घरी पोचल्यावर कळलं.

घरामागच्या हौदात पाणी महिनोन्महिने साचून हिरवं झालं होतं. वरून बघितलं तरी स्वल्पविराम दिसत होते, आडवे तरंगणारे, विहिरीतल्यापेक्षा दाट. तिने टिकल्या त्यात सोडल्या आणि पळाली, कारण आतून माय हाक मारत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या ती हौदाकडे गेली. हिरव्या पाण्यात पांढरे ठिपके फिरत होते. स्वल्पविराम शोधायला तिला चारी कोपरे धुंडाळावे लागले. एका फुटक्या कोपऱ्यात, जिथे मासोळीला शिरता येत नव्हतं, तिथे थोडे सापडले. बाकी पाणी नुसतं हलत होतं.

“हे कोणी आणलं?”

आप्पा मागे उभे होते. जमनी त्यांच्याकडे वळली.

“मी.”

“मासे? आपल्या दारात?”

“आप्पा, हे डासांची पिल्लं खातात. काल हौद भरून होती, आज बघा. विहिरीतही पूर्वी हेच होते. आपण काढले आणि—”

“आपण नाही, मी काढले,” आप्पा म्हणाले. त्यांनी वाकून हौदात बघितलं. बराच वेळ बघितलं. जमनीला वाटलं आता ओरडतील, पण ते कडेच्या दगडावर खाली बसले. “म्हणजे तुझी माय माझ्यामुळे आजारी पडली, असं म्हणतेस?”

“नाही, आप्पा! झिपरूच्या वाडीत कुठे आपली विहीर आहे? ताप सगळीकडेच आहे. पण आपल्या गल्लीत तो रोज आपल्याच पाण्यातून निघतो, एवढं खरं.”

“गाव म्हणालं होतं, पुण्य केलं.”

“केलंच. मासे तर जगले ना!”

आप्पांची पाठ वाकली होती. आपण त्यांना जणू ठोसाच मारला, असं जमनीला वाटलं, आणि उभं राहून बोलायची चटक पहिल्यांदाच नकोशी झाली. “परत सोडा म्हणशील तू,” ते म्हणाले. “पण गल्ली काय म्हणेल? कमळीच्या सासरचे दिवाळीला येतील, ते काय म्हणतील? आणि तुझी माय? ती खाणारं जनावर विहिरीत ठेवू देईल का? तिला विचारायचं बळ माझ्यात नाही, जमने. तिला कशालाच नाही म्हणायचं नाही, असं मी ठरवलंय.”

वैद्यबोवांचं बोलणं दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनीही ते एकमेकांपाशी काढलं नव्हतं.

“मी विचारते,” जमनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायचा ताप उतरला होता. जमनीने तिला खांद्याचा आधार देऊन हौदापाशी आणलं. अंगणातून तेवढंसं अंतर चालताना माय दोनदा टेकली. उन्हात तिचं तोंड पिवळं, कागदासारखं दिसत होतं. आप्पांनी घोंगडं आणून तिच्या पाठीवर टाकलं आणि बाजूला उभे राहिले.

जमनीच्या हातात लोटा होता, सकाळच्या गाळण्यातला. लपवायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. “माय, डोळे उघडे ठेव,” ती म्हणाली आणि लोटा हौदात ओतला.

टिकल्या आल्या. टपटप, टपटप. मग पाणी शांत.

बघता बघता मायच्या डोळ्यांतून पाणी आलं. “हाई दखाडाले लयनी माले?” ती म्हणाली. “मी त्यास्ले जीव लाई सोडू, आन तू खावाडस?”

“माय, विहिरीत टिकल्या होत्या तेव्हाही तू पोहरा उतरवायचीस. तेव्हा काय व्हायचं खाली?”

मायने मान वर केली.

“तू सोडायचीस आणि त्या खायच्या. रोज. तुला दिसायचं नाही, कारण खाली अंधार होता. त्यांना खंड्या खायचा, त्याला तू पाणी पाजायचीस. तेव्हा तुझ्या नेमाला काही झालं का? आणि तुला तरी काही झालं का?”

हौदात एक टिकली उगाच उडाली आणि परत पडली. मायने हात पुढे केला. जमनीला वाटलं ती पाणी ढवळून मासोळ्या हाकलणार. पण तिने बोट नुसतं पाण्याला टेकवलं. टिकल्या बोटापाशी आल्या, चाचपून बघितलं, खाण्यासारखं नाही म्हणून परत फिरल्या.

“माले काही समजत नही, पोरी,” ती म्हणाली. “कोन कोनले खास, कोन कोनले राखस. मी थकी गऊ.”

ती खरंच थकली होती. भांडायलाच काय, हो म्हणायलाही तिच्यात त्राण नव्हतं. आप्पा भिंतीकडे बघत होते. तेही थकले होते. जमनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. शाळेत प्रश्न विचारायला कोणाला तरी पैज लावावी लागते, हे तिला माहीत होतं. इथे पैज लावणारं कोणी नव्हतं. हे दोघं आता काही ठरवू शकत नाहीत, एवढंच तिला लख्ख दिसलं, आणि ते दिसल्यावर भीतीच वाटेना.

ती उभीच होती. तरी तिने पाय जरा जास्त रोवले.

“आप्पा, माय, मी विचारत नाहीये, सांगतेय. उद्या सकाळी मी तापीवरून टिकल्या आणून विहिरीत सोडणार आहे. घागर मी डोक्यावर घेईन, झिपरूदादा नुसता सोबत येईल, उद्या त्याची पाळी नाही. गल्लीत कोणी विचारलं तर सांगा, जमनीनं सोडल्या, तिच्याशी बोला. कमळीच्या सासरच्यांना प्यायला मी स्वतः नदीचं पाणी आणीन, हवं तेवढं. आणि माय, तुझा नेम मोडायचा नाही. पाणी गाळून फडकं मी रोज त्याच विहिरीत उलटं करीन, अगदी हळू, तुला रहाट ऐकू येईल असं. पुढचं पाण्यातल्यांचं त्यांनी बघायचं. ताप काही लगेच जाणार नाही, म्हणून कोयनेल तू घेणार आहेस, उलटलं तर पुन्हा घेणार आहेस, वर चोखायला धनुच्या चिंचा आहेत. दिवाळीनंतरच्या शाळेचं दिवाळीनंतर बघू. पण उद्या मला शाळेत जायला उशीर होईल, आप्पा, आणि गुरुजींनी विचारलं तर ताप म्हणून सांगायचं नाही. खरं काय ते सांगायचं.”